जिवंत माणसं भिंतीवर नसतात

चित्रांचं प्रदर्शन कसं भरवावं या विषयावर बोलायला मला अजून कुणी ना कुणी बोलावतं. मी शक्यतो जात नाही. गेले की टेबलावर शाल, नारळ आणि हार दिसतो, हार दिसला की माझं डोकं फिरतं, आणि डोकं फिरल्यावर मी जे बोलते ते यजमानांना झेपत नाही. हाराशी माझं जुनं वैर आहे. ते कसं पडलं ते एकदा लिहून टाकते, म्हणजे मला खाष्ट म्हणणाऱ्यांनी निदान वाचून म्हणावं.

एकोणीसशे साठ उलटून काही वर्षं झाली होती. मुंबईच्या कलाशाळेतून शिकून मी पालघरच्या एका शाळेत चित्रकलेची बाई म्हणून लागले होते. चित्रकलेची बाई म्हणजे काय, तर गॅदरिंगचे पडदे रंगवायचे, सुविचाराच्या फळ्याला नक्षी काढायची, आणि गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की आपला तास निमूटपणे गणिताला देऊन टाकायचा. मुलं दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि एक झोपडी काढत. किनाऱ्यावरच्या गावांतून रोज शाळेत येणारी मुलं, पण समुद्र एकही काढत नसे. मी चिडले की हेडमास्तर शांतपणे म्हणत, बाई, परीक्षेला डोंगर चालतात. 

शाळा सुटली की मी माणसं रंगवत असे. स्टेशनाबाहेरचा टांगेवाला, डोंगरपट्टीतून मोळी विकायला येणारी एक म्हातारी, केळव्याकडच्या पानमळ्यातले एक आजोबा, अशी चित्रं जमत गेली. पण माझं मन अडकलं होतं ते मुंबईच्या नव्हे, आमच्या केळव्याशेजारच्या माहीमहून मासळी घेऊन बाजारात येणाऱ्या एका बाईंवर. मी त्यांना मावशी म्हणत असे, त्या मला बाय म्हणत. चाळिशी ओलांडलेल्या, उंच, आवाज असा की बाजाराच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा भाव ऐकू यावा. गिऱ्हाईक समोर असलं की चेहरा घट्ट. गिऱ्हाईक वळलं की तो घडीभर सैल पडे आणि पुढचं आलं की पुन्हा आवळला जाई. मला तो घडीभराचा चेहरा हवा होता, आणि तो मिळवायचाच असं मी ठरवलं होतं.

बाजार आटोपल्यावर परतीच्या एस्टीला वेळ असे. तेवढ्यात त्या माझ्या खोलीच्या मागच्या ओट्यावर येऊन बसू लागल्या. मांडीवर सूप घेऊन सुकट निवडत, सासूच्या तक्रारी करत, मध्येच गप्प होत. चित्राकडे त्यांनी एकदाही डोकावून पाहिलं नाही. अर्धं माणूस बघू नये, असं त्यांचं मत होतं. त्यांची अट मात्र पहिल्याच दिवशी सांगून झाली होती.

"पुरा झाला का पयली मी बगनार. मंग दुनिया."

मी हो म्हटलं. एवढी साधी अट पाळायला काय लागतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. गावात कार्यकर्ते असतात हे मी हिशेबात धरलं नव्हतं.

त्याच सुमाराला तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं. बोईसर स्टेशनवर परप्रांतातले कामगार पेट्या-वळकट्या घेऊन उतरत, शेजारच्या सरावली गावात गुरांचे गोठे झाडून माणसांना भाड्याने दिले जात, आणि पालघरच्या रस्त्यावरून अधूनमधून जीप गेली की दुकानदार उठून उभे राहत. आमच्या गावातल्या वाचनालयाच्या मंडळींनी या जीपगाड्यांचा धसकाच घेतला. साहेबलोक आले आहेत, आता आपण मागासलेलं राहून चालणार नाही, काहीतरी आधुनिक केलं पाहिजे, असा ठराव झाला. आधुनिक म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं. कुणीतरी म्हणालं, शाळेतल्या त्या बाई चित्रं काढतात. झालं, मी आधुनिक ठरले.

बैठकांवर बैठका झाल्या. प्रमुख पाहुणे कोण, अध्यक्ष कोण, आभार कुणी मानायचे, चहाबरोबर बिस्किटं की चिवडा, इंजिनिअर साहेबांच्या बायका आल्या तर त्यांना कुठे बसवायचं. स्वागतगीताला पेटी कुणाची आणायची यावरून तर दोघांचं भांडण झालं आणि एक जण रागावून राजीनामा द्यायला निघाला. एवढ्या बैठकांत चित्रं बघू या असं एकही माणूस म्हणाला नाही. मी एकदा आपण होऊन दोन चित्रं घेऊन गेले तर वाचनालयाचे चिटणीस म्हणाले, ठेवा, ठेवा, त्या दिवशी बघूच की सगळे. लग्नात नवरीला कुणी विचारत नाही म्हणतात, पण निदान तिच्याकडे बघतात तरी. माझ्या चित्रांच्या नशिबी तेही नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी चित्रं टांगायला गेले तेव्हा खरी गंमत कळली. वाचनालयाच्या हॉलमध्ये खाली सगळीकडे पुस्तकांची कपाटं. मोकळी भिंत होती ती कपाटांच्या वर, छतालगत. तिथे संस्थेच्या दिवंगत देणगीदारांचे फोटो ओळीने लावलेले होते, प्रत्येकाला चंदनाचा हार. त्यांच्याच ओळीत पुढे माझ्यासाठी खिळे ठोकून ठेवले होते. मी म्हटलं, इतक्या वर कोण बघणार? चिटणीस म्हणाले, खाली लावली तर लोकांचे हात लागतील. मी म्हटलं, लागू देत. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मीच काही चुकीचं बोलले होते. शेवटी चित्रं वरच गेली, तीही दोरीने थोडी पुढे झुकवून, फोटो लावतात तशी. मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले, आणि मग स्वतःला समजावलं की नाही मामापेक्षा काणा मामा बरा.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रमाच्या आधी मावशींना चित्र दाखवायचं असं मी ठरवलं होतं. त्या बाजार उरकून नेहमीच्या जागी थांबणार होत्या. मी त्यांना आणायला गेले. पाटीतली शेवटची मांदेली संपेपर्यंत त्या काही उठेनात, आणि त्यात मला राग यावा असं काही नव्हतं, मासळी काही माझ्या प्रदर्शनासाठी थांबणार नव्हती. पण इकडे पाहुणे ठरल्यापेक्षा लवकर आले. तालुक्यातले कुणी पुढारी होते, त्यांना पुढे दुसरीकडे बारशाला जायचं होतं. ते म्हणाले चला, आटपा. ज्या बाईची चित्रं तीच जागेवर नाही, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मागे काय झालं ते मला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं. साहेबलोक येणार म्हणून हार भरपूर मागवले होते. साहेबलोक आलेच नाहीत. ताज्या फुलांचे हार टोपलीत पडून, आणि भिंतीवर एका ओळीत चौकटीतली माणसं, त्यांतल्या निम्म्यांना हार आहेत आणि निम्मी ओकीबोकी. चिटणिसांना ते बरं दिसेना. त्यांनी शिडी लावून माझ्या सगळ्या चित्रांना हार घातले. घातले ते घातले, वर कुंकवाची बोटं लावली. मावशींच्या कपाळावर मी रंगवलेलं कुंकू होतंच, त्यावर आणखी खरं कुंकू. खाली उदबत्त्यांचा पुडा पेटवून खोचला. मग पाहुणे उठले. त्यांना वाटलं हे सगळे संस्थेचे आधारस्तंभ असावेत. त्यांनी गहिवरून सांगितलं की ही साधी माणसं आज आपल्यात नाहीत, पण त्यांच्या कार्याचा सुगंध मागे उरला आहे, तेव्हा आपण सगळे दोन मिनिटं उभं राहून त्यांना श्रद्धांजली वाहू या.

मी मावशींना घेऊन दारात पोचले तेव्हा सगळा हॉल माना खाली घालून उभा होता. कुणीतरी मोठं माणूस गेलं असावं असं समजून मावशींनीही पाटी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि मान खाली घातली. मी वर बघितलं आणि माझ्या चित्रांवरचे हार दिसले. त्यांना बाहेर न्यावं म्हणून मी दंडाला धरलं, तशी त्यांनी मान वर केली.

त्या बघत राहिल्या. चित्राकडे नाही, हाराकडे.

"मी कदी मेली, बाय?"

आवाज हळू होता. बाजारात ज्यांचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायचा त्या बाईंचा इतका हळू आवाज मी कधी ऐकला नव्हता. मी त्या शांततेत ओरडून म्हटलं की ही बाई जिवंत आहे, इथे माझ्याशेजारी उभी आहे. त्यावर चिटणिसांनी मागे वळून तोंडावर बोट ठेवलं आणि दबक्या आवाजात मला सांगितलं, "दोन मिनिटं पुरी होऊ द्या, बाई."

मी आयुष्यात खूप मूर्खपणाची वाक्यं ऐकली आहेत, काही सरकारी कचेऱ्यांत, काही थेट कलासमीक्षकांच्या तोंडून. पण या वाक्याच्या जवळपास एकही येत नाही. दोन मिनिटं पुरी झाली तोवर मावशी पाटी उचलून निघून गेल्या होत्या.

बातमी त्यांच्या आधी माहीमला पोचली. मावशी त्या दिवशी उशिराच्या एस्टीने गेल्या, आणि आधीच्या एस्टीत वाचनालयातून निघालेला कुणीतरी पुढच्या बाकावर बसला होता आणि त्याने अर्ध्या गाडीला सांगितलं. घरी पोचतात तो दारात बायका जमलेल्या, आणि शेजारच्या वडराई गावाहून त्यांची बहीण रडत येऊन बसलेली. घरधनी होडीवर होते. होडी समुद्रात असताना घरातल्या बाईला कुणी मेली म्हणावं, तिच्या तसबिरीला हार घालावा, याचं भय काय असतं ते मला नंतर बाजारातल्या दुसऱ्या बाईने समजावून सांगितलं. होडी परत येईस्तोवर घरात कुणी धड जेवलं नाही. ती सुखरूप आली. मग सासूने सुनेवरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या आणि निरोप धाडला की ती तसबीर जाळून टाका, नाहीतर आम्ही येऊन जाळू.

मी जाळली नाही. कुंकू पुसून काढताना कपाळाचा रंग खरवडला गेला तो पुन्हा भरला, आणि चित्र खोलीत ठेवून दिलं. मावशी बाजारात येत होत्या. मी समोर गेले की मासळी द्यायच्या, भाव सांगायच्या, आणि नजर माझ्या खांद्यावरून मागे लावायच्या. एकदा मी धीर करून म्हटलं, तुम्ही चित्र बघितलंच नाही, एकदा बघा तरी. त्या म्हणाल्या, मेलेल्या माणसाची तसबीर मी काय बघू. यावर मला फार राग आला. त्यांच्यावर नाही. त्या हारांवर, त्या खिळ्यांवर, आणि ज्या कलाशाळेने मला शरीरशास्त्र शिकवलं, रंगमिश्रण शिकवलं, पण चौकट करून भिंतीवर लावलं की आमच्याकडे माणूस मेलेलं असतं हे सांगितलं नाही, त्या शाळेवर. आमच्या घरांतून भिंतीवर देव असतात, पुढारी असतात आणि गेलेले असतात. जिवंतांचे फोटो पेटीत, गादीखाली, फार तर आरशाच्या चौकटीत खोचलेले. हे मला जन्मापासून माहीत होतं. तरी मी चौकटी करून घेतल्या होत्या, कारण चित्राला चौकट असते, असं पुस्तकात होतं.

चिटणीस रस्त्यात भेटले तेव्हा त्यांनी तक्रार केली की मी आभाराला थांबले नाही. हारांबद्दल म्हणाले, ताजे होते हो, वाया गेले असते.

माझ्या खोलीत घरमालक खिळा मारू देत नसे. त्यामुळे चित्रं जागा मिळेल तिथे टेकवलेली. मावशींचं चित्र होतं एकुलत्या एक खुर्चीवर, पाठीला टेकवून. एका संध्याकाळी दिवेलागणीआधी शेजारच्या वहिनी विरजण मागायला आल्या. दार लोटलेलं होतं. त्यांनी आत डोकावलं, पटकन मागे झाल्या आणि बाहेरूनच म्हणाल्या, पाहुणे आलेत वाटतं, मी मागाहून येते. मी म्हटलं, पाहुणे कसले, या आत. त्या आल्या, खुर्चीकडे बघितलं, आणि स्वतःशीच हसल्या. पण गंमत पुढे आहे. चित्र आहे हे कळल्यावरही त्या त्याच्याकडे पाठ करून बसल्या नाहीत. जरा बाजूला सरकून, कोनात, जशी दोन बायांच्या बैठकीत तिसरी बसते तशा बसल्या, आणि बोलता बोलता मधून मधून तिकडेही बघत राहिल्या. वाचनालयाच्या अख्ख्या हॉलने मिळून त्या चित्राकडे जेवढं बघितलं नव्हतं तेवढं वहिनींनी विरजणाच्या निमित्ताने बघितलं. त्या गेल्यावर मी सगळ्या चौकटी उपसून काढल्या.

पुढच्या हिवाळ्यात बोईसरला राहणाऱ्या, प्रकल्पावरच्या इंजिनिअरांच्या बायकांच्या मंडळाने मला विचारलं, आमच्याकडे प्रदर्शन भरवाल का. स्टेशनजवळच्या एका शाळेची मोठी खोली सुट्टीत मिळणार होती. मी म्हटलं, भरवीन, पण भिंतीला हात लावायचा नाही, हार नाही, पाहुणे नाहीत, भाषण नाही, आणि मला खुर्च्या लागतील. कुणाला बसायला, असं त्यांनी विचारलं. चित्रांना, असं मी सांगितलं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. त्यांतल्या एकीचे यजमान बाहेरदेशी राहून आले होते, त्यांनी मला समजावलं की आधुनिक पद्धत म्हणजे पांढरी भिंत, डोळ्यांच्या पातळीला चित्र, आणि दोन चित्रांत भरपूर मोकळी जागा, म्हणजे प्रेक्षक एकटा राहतो. मी त्यांना म्हटलं, इथे हजार मैलांवरून आलेला कामगार पत्र्याच्या खोलीत एकटाच राहतो, त्याला आणखी एकटं करायला माझं प्रदर्शन कशाला हवं? ते शिकलेले गृहस्थ होते, गप्प बसले. मंडपवाला मात्र गप्प बसायला तयार नव्हता. लोखंडी घडीच्या खुर्च्या उतरवताना तो सारखा विचारत होता की चित्रं बसणार आणि माणसं उभी राहणार, ही कुठली रीत? मी सांगितलं, दोघंही बसणार. तेव्हा तो म्हणाला, मग दुप्पट आणायला पाहिजेत. हा एकटा माणूस माझं म्हणणं बरोबर समजला होता.

प्रदर्शन सुरू होण्याआधी मी पालघरच्या बाजारात गेले. मावशींसमोर उकिडवी बसले आणि म्हटलं, बोईसरला तुम्ही भिंतीवर नाही, खुर्चीवर बसला आहात. त्यांनी कोयता थांबवला नाही. पापलेटाचे पर उडवून झाल्यावर, खाली बघतच त्यांनी विचारलं, "कोनाच्या बाजूला?"

मी सांगितलं, टांगेवाल्याच्या. त्यांनी आता वर बघितलं. परक्या बाप्याच्या शेजारी बसवलीस मला, घरचे काय म्हणतील, जरा तरी अक्कल आहे का, असं त्यांनी मला भर बाजारात सुनावलं. इतक्या महिन्यांनी त्या मला पहिल्यांदा रागे भरत होत्या, आणि मला इतका आनंद झाला की घेतलेली मासळी तिथेच विसरून आले. टांगेवाल्याला मी दुसऱ्या बाजूला पानमळ्यातल्या आजोबांशेजारी हलवलं आणि मावशींच्या बाजूला मोळीवाल्या म्हातारीला आणलं. येईन असं मात्र त्या म्हणाल्या नव्हत्या.

प्रदर्शन सुरू झालं आणि पहिल्या दिवशी माझं डोकं फिरायचं तेवढं फिरलं. मंडळाच्या बायकांना हळूच रांगोळी घालायची होती. कुणी विचारलं, विकत देता का खुर्चीसकट. एका मास्तरांनी मुलांना सांगितलं, हात मागे बांधा आणि रांगेत चला. पण दुपारी पाळी सुटल्यावर कामगार येऊ लागले तशी खोलीची हवा बदलली. ते दारात चपला काढत आणि आत आल्यावर, कुणी न सांगता, बसत. दोन चित्रांमधल्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवून एकाने मला विचारलं, "यहाँ कोई बैठा है क्या?" नाही म्हटल्यावर तो आजोबांच्या शेजारी बसला, गुडघ्यांवर हात ठेवून, आणि उठेचना.  कुणी येऊन माझ्या चित्रांचा अर्थ विचारला नाही, याचं मला केवढं बरं वाटलं ते सांगता येत नाही. पण प्रत्येक वेळी दारात सावली पडली की मी बघायची, आणि मावशी नसायच्या.

शेवटच्या दिवशी त्या आल्या. बरोबर जाऊबाई. दोघी माहीमहून एस्टीने पालघर आणि तिथून शटल आगगाडीने बोईसर करून आल्या होत्या, ठेवणीतली लुगडी, अंबाड्यात फुलं, नथ. म्हणजे कुणाच्या घरी जाताना जातात तशा. आधी त्यांनी सगळीकडे फेरी मारली. टांगेवाल्याला बघून दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. मोळीवालीला बघून जाऊबाई म्हणाल्या, ही आपली सोमवारच्या बाजारातली. स्वतःच्या चित्रापाशी मावशी मुद्दाम शेवटी आल्या. मला वाटत होतं, त्या आधी कुंकू बघतील, मग नाकडोळे, मग म्हणतील मी अशी काळी आहे का. सगळे असंच म्हणतात. मी उत्तरं तयार ठेवली होती.

त्या समोरच्या खुर्चीवर बसल्या. मागे मंडळाची एक बाई तिच्या मैत्रिणीला सांगत होती की काय जिवंत उतरली आहे बघ. मावशींनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांचा हात सुकट निवडताना हलतो तसा मांडीवर थोडा हलला आणि थांबला.

"एवडी दमलेली दिसते मी?" त्या म्हणाल्या. "मना कोनी सांगला नाय."

 जाऊबाईंनी चित्राकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं, आणि म्हणाल्या, रोजच तर दिसतेस. मग जरा थांबून, थोड्या चिडूनच, त्यांनी विचारलं, "सांगून काय केला असतास?"

"बसली असती घडीभर," मावशी म्हणाल्या.

मला तिथे रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. मी हे चित्र कुणाला दाखवावं म्हणून किती जणांशी भांडले होते, पण ज्यांचं होतं त्यांना ते दाखवलं की काय होईल याचा मला काडीचा अंदाज नव्हता. त्यांच्या परतीच्या गाडीची वेळ झाली. जाऊबाईंनी दोनदा आठवण केली, आणि मग त्याही शेजारची खुर्ची ओढून बसल्या. गाडीची शिट्टी ऐकू आली, गाडी सुटली. मावशी समोर बघत बसून राहिल्या.

तेवढ्यात मंडपवाला माणसं घेऊन आला. त्याला त्याच संध्याकाळी पलीकडे एका लग्नात खुर्च्या पोचवायच्या होत्या आणि त्याने धडाधड घड्या घालायला सुरुवात केली. सगळी चित्रं मी उचलून जमिनीवर ठेवली. मावशींचं तेवढं ठेवलं नाही. तो त्यांच्यापाशी आला तेव्हा मी मध्ये उभी राहिले आणि त्याला सांगितलं की बाकीच्या खुर्च्या ने, या बायका बसल्या आहेत तेवढ्या राहू दे. त्याने माझ्याकडे बघितलं, चित्राकडे बघितलं, मावशींकडे बघितलं, आणि त्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्याशी वाद न घालता दाराशी जाऊन थांबलं.